रामचंद्रपंत अमात्य : उभारलेले राखणारा कारभारी

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा जुना प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा कोणाचे चरित्र घ्यावे याचा आम्ही पुष्कळ विचार केला. रणांगण गाजविणारे वीर, भक्तीचा मार्ग दाखविणारे संत, विद्येसाठी देह झिजविणारे पंडित यांची चरित्रे आपल्या घरांतील मुलेबाळे शाळेच्या पुस्तकांतूनही वाचतात. परंतु उभारलेली वस्तू पडू न देणे, तिच्यासाठी वर्षाकाठी पैसा राखून ठेवणे आणि तो पैसा त्याच कामी लागतो की नाही हे पाहणे, या नीरस वाटणाऱ्या कामात ज्याने आपले शहाणपण वेचले, अशा पुरुषाकडे कोणाचे लक्ष सहसा जात नाही. असे एक पुरुष म्हणजे हुकुमतपन्हा रामचंद्र नीळकंठ अमात्य, बावडेकर. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा विषय आमच्या मनात घर करून बसण्यास एक कारण झाले, ते आधी सांगतो. शिक्षकाच्या पेशात असताना एका तालुक्याच्या गावी आमचा काही वर्षे मुक्काम होता. तेथील एका सरकारी कचेरीची इमारत दगडी व भक्कम होती. परंतु तिच्या छपराची कौले परतण्याचे काम ओळीने तीन पावसाळे राहून गेले. चौथ्या पावसाळ्यात दप्तरखान्यात पाणी शिरले. पाऊस उघडल्यावर रुमालांत बांधलेले जुने कागद पटांगणात उन्हात पसरून ठेवलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. एक म्हातारा शेतकरी आपल्या जमिनीचा कागद शोधीत त्या ओळींतून वाकून वाकून फिरत होता. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने आम्हांस हाक मारली. कागद सापडला, पण शाई पसरून अक्षर असे उरलेच नव्हते. आम्ही मास्तर असूनही त्या दिवशी आम्हांस काहीच वाचता आले नाही. त्याच वर्षी त्या कचेरीच्या शेजारी नव्या इमारतीचा पाया मोठ्या समारंभाने घातला गेला. नव्यासाठी पैसा होता, जुन्याच्या कौलांसाठी नव्हता. हे असे का होते, या प्रश्नाने आम्हांस पुढे रामचंद्रपंतांच्या ग्रंथाकडे नेले.

रामचंद्रपंतांचा जन्म सुमारे १६५० साली झाला. त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पदरी मुजुमदार होते. मुजुमदार म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख अधिकारी. कोणत्या महालातून किती वसूल आला, कोणत्या कारखान्यावर किती खर्च झाला, शिल्लक किती, हे सर्व त्याने तपासावयाचे व महाराजांस समजावून द्यावयाचे. अशा घरात रामचंद्रपंत लहानाचे मोठे झाले. तलवारीचा खणखणाट त्या काळी घरोघर ऐकू येत असे; या घरात त्याच्या जोडीला लेखणीची कुरकुरही ऐकू येई. वडिलांच्या मागे मुजुमदारी पुत्रांकडे आली. १६७४ साली रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला, त्या वेळी राज्यातील पदांस संस्कृत नावे देण्यात आली व मुजुमदाराचा अमात्य झाला. अष्टप्रधानांतील हे पद रामचंद्रपंतांस लाभले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आतबाहेर होते.

त्यांच्या तरुणपणी राज्याच्या दप्तरात जो एक कागद झाला, त्याची हकीकत येथे मुद्दाम देणे आवश्यक आहे; कारण त्यांच्या पुढील विचारांचे बीज आम्हांस त्यात दिसते. १६७१-७२ साली महाराजांनी दोन रकमा वेगळ्या काढून ठेविल्या. एक रक्कम १,२५,००० होनांची. ती कुडाळ, राजापूर, दाभोळ, पुणे, कल्याण, भिवंडी इत्यादी महालांवर वाटून दिली होती व तिचा खजिना करावयाचा होता. मोगलांशी प्रसंग पडून गडांस वेढे बसले आणि मुलखातून पैसा येणे थांबले, तरच त्या खजिन्यास हात लावावयाचा, एरवी नाही. दुसरी रक्कम १,७५,००० होनांची. ती गडांवरील इमारतींसाठी होती, आणि कोणत्या गडास किती द्यावयाचे हे नावानिशी लिहिलेले होते. रायगडास ५०,०००, सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर व राजगड यांस प्रत्येकी १०,०००, प्रचंडगड, प्रसिद्धगड, विशाळगड, महिपतगड, सुधागड, लोहगड व सबळगड यांस प्रत्येकी ५,०००, श्रीवर्धनगड व मनरंजन या जोडगडांस मिळून ५,०००, कोरीगडास ३,०००, सारसगड व महिधरगड यांस २,००० प्रमाणे, मनोहरगडास १,०००, आणि किरकोळ कामांसाठी ७,०००. आम्ही जन्मभर मुलांकडून बेरजा करवून घेतल्या, म्हणून सवयीने ही बेरीजही करून पाहिली. ती बरोबर १,७५,००० येते.

या कागदातील गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. लढाईसाठी राखून ठेवलेल्या रकमेपेक्षा इमारतींसाठी दिलेली रक्कम ५०,००० होनांनी अधिक आहे. दुसरे असे की, इमारतींचा पैसा मोघम ठेवलेला नाही. रायगड ही राजधानी, म्हणून तिला मोठा वाटा मिळाला. पण मनोहरगडासारख्या दूरच्या लहान गडाचे १,००० होनही लिहून ठेवले, म्हणजे मोठ्याच्या भुकेत लहानाचा घास जाऊ नये. आणि तिसरे, कोठे अकस्मात काही पडले-झडले तर हात रिकामा नसावा, म्हणून किरकोळीस ७,००० होन बाजूस काढले. ज्याने घर चालविले आहे अशा कोणाही गृहस्थास या तिन्ही गोष्टींचे मर्म लगेच कळेल.

गड म्हणजे केवळ लढाईची जागा, अशी आपली समजूत असते. ती पुरती नाही. त्या काळी गड हीच सरकारची कचेरी होती. सदर तेथे भरे, दप्तर तेथे राही, धान्याची कोठी, दारूखाना, खजिना आणि कैदी यांची व्यवस्था तेथेच असे. हवालदार हा गडाचा मुख्य, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, आणि कारखानिसाकडे कोठ्या व सामानसुमान. ही माणसे बहुधा निरनिराळ्या ज्ञातींची नेमली जात व ठराविक वर्षांनी बदलली जात, की एकाच्या हाती गड जाऊ नये. तेव्हा गडाची भिंत राखणे म्हणजे आजच्या भाषेत सरकारी कचेऱ्या राखणे होय, असे म्हणावयास हरकत नाही.

१६८० साली महाराज कैलासवासी झाले. संभाजी महाराजांची कारकीर्द मोगलांशी झुंजण्यात गेली आणि १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांचा क्रूरपणे वध करविला. त्याच वर्षी रायगड पडला. महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. राजाराम महाराज दक्षिणेस जिंजीला निघून गेले. राजधानी गेली, राजा दूर गेला, खजिना विस्कटला. अशा वेळी महाराष्ट्राचा कारभार राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांच्या स्वाधीन केला व त्यांस हुकुमतपन्हा हा किताब दिला. महाराजांची आज्ञा आणण्यास जिंजी फार लांब, म्हणून प्रसंगी राजाच्या अधिकाराने निर्णय करण्याची मोकळीक त्यांस होती. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थावर एकाएकी सारे राज्य येऊन पडले.

त्यांनी विशाळगड, पन्हाळा या भागात ठाण मांडून कारभार चालविला. शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशी माणसे त्यांनी एका सूत्रात ओवली. मावळातील गेलेले गड शंकराजीपंतांनी परत मिळविले. १६९२ साली परशुराम त्रिंबकांनी पन्हाळा घेतला. संताजी-धनाजींच्या घोडदळाने बादशाही फौजांस मैदानात पळता भुई थोडी केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती घोडी जेथे परत येत, जेथे दाणागोटा मिळे, जखमी विसावत आणि वसुलाचा पैसा जमा होई, ते गड पायांवर उभे होते, म्हणूनच ती दौड शक्य झाली. त्या गडांची टाकी कोरडी असती वा कोठ्यांना वाळवी लागलेली असती, तर स्वारांच्या शौर्यास टेकावयास जागाच राहती ना.

१६९९ पासून औरंगजेबाने स्वतः गडांस वेढे घालण्याचा सपाटा लाविला. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकामागून एक गड त्याने घेतले. साताऱ्याचा वेढा १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत चालला. तेथे सुरुंगाच्या स्फोटात बादशहाचीच माणसे मोठ्या संख्येने दडपून मेली. एवढा बलाढ्य बादशहा, पण बहुतेक गड त्यास वाटाघाटीने व द्रव्य मोजून मिळाले. तलवारीच्या जोरावर घेतलेला तोरणा हा विरळा अपवाद. एकेका गडापायी त्याचे महिने गेले, पावसाळे गेले, आणि घेतलेल्यांपैकी पुष्कळ गड मराठ्यांनी थोड्याच वर्षांत परत घेतले. १७०७ साली अहमदनगर येथे तो मरण पावला, तेव्हा ज्या राज्यास बुडविण्यास तो आला होता ते राज्य उभेच होते. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर निवर्तले होते. पुढे महाराणी ताराबाईंनी राज्य चालविले आणि रामचंद्रपंत त्यांच्याही पदरी राहिले.

या चरित्रात एक जागा अशी आहे, की तेथे भक्तिभावाने डोळे मिटून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या अठरा वर्षांच्या धुमाळीत फौजेस द्यावयास रोख पैसा नव्हता. तेव्हा राजाराम महाराजांच्या सरकाराने सरदारांस वतने, इनामे, सरंजाम देऊन बांधून ठेविले. या कारभारात पंतांचाही हात होताच. त्यांना स्वतःला बावड्याची जहागीर मिळाली व त्यावरून घराण्यास बावडेकर हे नाव पडले. राज्य वाचविण्यास दुसरा उपाय नव्हता हे खरे. परंतु जी भूमी कायमची दिली, तिचे उत्पन्न सरकारात येणे कायमचे थांबले. आणि ज्या उत्पन्नातून तटाची डागडुजी व्हावयाची, कोठीचे छप्पर शाकारावयाचे, ते उत्पन्नच आटले. ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणास कळणार? म्हणूनच वृद्धपणी त्यांनी जो ग्रंथ रचला, त्यात भूमी कायमची तोडून देण्याविरुद्ध व वतनदारांच्या वाढत्या बळाविरुद्ध फार कळकळीने इशारा दिला आहे. स्वतःच्या हातून प्रसंगवशात घडलेल्या गोष्टीचे दोष पुढल्या पिढीस उघड सांगणे, हे मोठ्या मनाचे लक्षण आहे.

१७०७ साली शाहू महाराज सुटून आले आणि राज्यात दोन गाद्या झाल्या. पंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ साली पन्हाळ्यावर राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. त्या उलथापालथीत पंतांचे अंग होते असे इतिहासकार मानतात. हे राजे तरुण होते. त्यांस राज्य कसे चालवावे हे समजावे, या हेतूने १७१५ साली सिद्ध झालेला ग्रंथ म्हणजे आज्ञापत्र. तो राजाज्ञेच्या रूपाने लिहिलेला असला, तरी त्यामागील हात रामचंद्रपंतांचा आहे हे विद्वानांनी मान्य केले आहे. शिवाजी महाराजांची राजनीती प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने, पासष्ट वर्षांच्या अनुभवानंतर, ती शब्दांत उतरवून ठेविली. राजाची कर्तव्ये, प्रधान, सावकार, समुद्रावरून आलेले टोपीकर व्यापारी, वतनदार, आणि शेवटी दुर्ग व आरमार, असे त्यातील विषय आहेत.

यांतील दुर्गांचे प्रकरण वाचताना आम्हांस नेहमी असे वाटते, की हा राजनीतीचा ग्रंथ असून घरातील कर्त्या माणसाने लिहिलेले टिपणही आहे. प्रथम ते सांगतात की, गडाचे बांधकाम वेळ मारून नेण्यापुरते करू नये. तट, बुरूज, पडकोट जे बांधावयाचे ते पक्के बांधावे. जागेत उणीव असेल तर सुरुंग लावून वा बांधकामाने ती दूर करावी. दरवाजा एकच असणे हा गडाचा दोष; म्हणून दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या ठेवून, रोजच्या वापरास नको असतील त्या चिणून बंद कराव्या. पाणी पाहिल्यावाचून गड बांधू नये. पाणी नसून जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी बांधावी. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, राखीव पाण्याची तजवीज वेगळी असावी.

परंतु त्यांचा खरा विशेष पुढे आहे. बांधून झाल्यावर काय करावयाचे, हे ते कधी विसरत नाहीत. तटाबुरुजांच्या सांध्यांतून झाडे उगवतात व त्यांची मुळे दगड फोडतात. ती झाडे वरचेवर कापून काढावी. तटावरचे व तटाखालचे गवत दरवर्षी जाळून काढावे. पावसाळा आला की दरवाजांस व तोफांस तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बंद करावे. राजमंदिराच्या भिंती विटांच्या व चुन्याने घट्ट असाव्या. उंदीर, विंचू, मुंग्या राहतील अशी भोके त्यांत राहू देऊ नयेत. धान्याच्या कोठीस आग, उंदीर, कीड व वाळवी यांपासून जपावे. दारूखाना घरांपासून दूर असावा. दारू जमिनीखालच्या चुनेगच्ची घरात मडक्यांत भरून ठेवावी, ओल लागू देऊ नये. आणि आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढून उन्हे द्यावी व पुन्हा मोहोर करून बंद करावी.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ओल येणारच, गवत वाढणारच, वाळवी लागणारच, हे पंतांनी धरून चालले आहे. म्हणून काम कोणते एवढेच सांगून ते थांबत नाहीत. अनेक ठिकाणी ते केव्हा करावयाचे, आणि दारूसारख्या नाजूक वस्तूच्या बाबतीत कोणी करावयाचे, हेही नेमून देतात. दारूची मडकी शिपायाने पाहून येऊन सांगितले, एवढ्यावर भागत नाही; गडाच्या मुख्यानेच उठून जावयाचे. ज्या कामास माणूस, मुदत आणि मोहोर नेमलेली नाही, ते काम सर्वांचे असून कोणाचेच नसते, हे आम्ही शाळेच्या लहानशा कारभारातही अनुभविले आहे.

खर्चाची काटकसरही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचे घर बांधू नये, असा त्यांचा दंडक आहे; कारण जेवढे बांधावे तेवढे पुढे जन्मभर राखावे लागते. गडावरचा केर खाली न लोटता जागोजाग जाळावा व त्याची राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ, लिंबू, नारिंग, फुलझाडे, कामाचे असो वा बिनकामाचे, जे झाड होईल ते गडावर लावावे व जतन करावे. वेळप्रसंगी त्याचे लाकूड तरी उपयोगी पडेल. म्हणजे दुरुस्तीचे सामान गडावरच वाढत ठेवावयाचे. अंदाजपत्रकात आकडा घालणे ही एक तरतूद झाली. तीस वर्षांनी लागणाऱ्या तुळईचे रोप आज लावणे ही त्याहून लांबची तरतूद होय.

आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते तर सोन्याच्या अक्षरांत लिहिण्यासारखे आहे. जहाजांस मोठे लाकूड लागते. ते सागवानादी लाकूड रानातून परवानगीने तोडावे. आंबा व फणस यांस मात्र हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्यास राजी करून, त्याचे मोल देऊन मग तोडावे. जबरदस्ती सर्वथा करू नये. सरकारची वस्तू राखावयाची ती सरकारच्या पैशाने राखावयाची. गरिबाच्या दारचे झाड तोडून नव्हे. राज्याची भिंत मजबूत झाली, पण तिच्यापायी रयतेचे घर उघडे पडले, तर ती भिंत कोणासाठी, असा पंतांचा भाव आम्हांस त्यात दिसतो.

आज्ञापत्र सिद्ध झाल्यावर पंत फार काळ राहिले नाहीत. १७१६ साली पन्हाळ्यावर त्यांचा अंत झाला. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे पुत्र शिवाजी आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज, अशा पाच छत्रपतींच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. राज्य उभे राहताना, पडता पडता सावरताना आणि दुभंगताना पाहिलेला असा कारभारी आपल्या इतिहासात दुसरा दाखविणे कठीण आहे.

पुढे गडांचे काय झाले? शंभर वर्षे ते कमीअधिक राखले गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगड घेतला. त्या माऱ्यात आग लागून राजवाडा जळाला. नव्या सरकारास गडांची गरज नव्हती, किंबहुना भीतीच होती. कित्येक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या गेल्या. उरलेल्यांस तोफांची आवश्यकता पडली नाही. नेमणूक बंद झाली, एवढे पुरे झाले. ज्या झाडांची मुळे दरवर्षी कापावी असे पंतांनी लिहिले होते, ती तटांतून मोकळी वाढली. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी गोळा करण्याची चळवळ हाती घेतली, तेव्हा लोकांचे लक्ष रायगडाकडे पुन्हा वळले. आणि समाधीचे काम प्रत्यक्ष पुरे होण्यास विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडले. वर्षाकाठचा लहान खर्च चुकला म्हणजे तो पुढे केवढा होऊन समोर उभा राहतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांच्या १२ दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी हा बारावा. १६७१-७२ च्या त्या कागदाशी ही यादी ताडून पाहिली, तर रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व लोहगड हे सात गड दोन्हींत आढळतात. ज्यांच्या नावे महाराजांनी होन लिहून ठेविले, त्यांतील सात आज जगाच्या कौतुकाचा विषय झाले आहेत. मान मिळाला याचा अभिमान वाटतोच. परंतु आता त्यांच्या तटांवरचे गवत दरसाल कोण काढणार, हा पंतांचा प्रश्न मानपत्राने सुटत नाही.

आजच्या राज्यव्यवस्थेतही हा प्रश्न नव्या नावाने उभा आहे. सरकारच्या अंदाजपत्रकात नवी इमारत बांधण्याचा खर्च भांडवली समजतात आणि तो ४०५९ क्रमांकाच्या शीर्षाखाली जातो. कचेऱ्यांची देखभाल-दुरुस्ती महसुली खर्चात मोडते व तिचे शीर्ष २०५९. भांडवली खर्चास कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. महसुली खर्चास यांपैकी काही नसते, म्हणून ओढाताण झाली की कात्री प्रथम तेथेच लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली. माणसे दगावली, वरचे मजले जळाले आणि कागदपत्रे नष्ट झाली. त्या दिवशीची बातमी ऐकताना दारूखाना घरांपासून दूर ठेवा, आठपंधरा दिवसांनी स्वतः पाहून या, असे सांगणारा तीनशे वर्षांपूर्वीचा तो वृद्ध अमात्य आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

आपल्या संस्थेतील कुटुंबांनी या चरित्रापासून काय घ्यावे? आपणही सभागृहे, वसतिगृहे, वाचनालये बांधतो. बांधकाम निघाले की देणगीदार पुढे येतात, संगमरवरी पाटीवर नावे कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु कौले परतण्यासाठी, पन्हळी साफ करण्यासाठी, भिंतीतील पिंपळाचे रोप उपटण्यासाठी देणगी देणारा विरळा, कारण त्याची पाटी लागत नाही. यावर उपाय पंतांनी व त्यांच्या थोर धन्याने दाखवून ठेविला आहे. इमारत निधीच्या शेजारी दुरुस्ती निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा. कोणत्या वास्तूस किती हे नावानिशी लिहावे. अकस्मात खर्चासाठी थोडे बाजूस काढावे. आणि पावसाळ्यापूर्वी छपरावर कोणी चढून पाहावयाचे, त्याचे नाव कागदावर असावे. सरकारी कचेरीविषयीही नागरिक म्हणून आपण एवढे विचारू शकतो, की नव्या पायाच्या वर्षी जुन्या छपराचे काय झाले.

पटांगणात वाकून आपला कागद शोधणारा तो म्हातारा शेतकरी आज हयात नाही. त्याची जमीन पुढे त्यास मिळाली की नाही, हे कळण्यापूर्वी आमची बदली झाली. त्याच्या कागदावरची ती अक्षरे वाचविण्यास मोठे राज्य लागत नव्हते. वेळेवर परतलेली चार कौले लागत होती. रामचंद्रपंतांच्या थोरवीपुढे नम्र होताना आम्हांस प्रत्येक वेळी त्या चार कौलांची आठवण होते, आणि ती आपल्या वाचकांसही व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच केला.